‘एक दिवस समुद्राखाली’ : एका सहल-पत्रकाचं वाचन

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. मित्र भेटतात, चहा होतो, आणि घरी येईपर्यंत हातात पाच-सहा पत्रकं जमलेली असतात. क्लासेस, फराळ, कर्जमेळावा, योगवर्ग. गेल्या वर्षी मिळालेलं त्यातलं एक पिवळं पत्रक मी टाकलं नाही. वर मोठ्या अक्षरात ‘एक दिवस समुद्राखाली!’ आणि खाली ‘मालवण स्नॉर्कलिंग – शुक्रवार रात्री निघा, रविवारी सकाळी घरी!’ असा मजकूर. शेजारी मास्क लावलेल्या मुलीचं चित्र, तिच्याभोवती नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे.

माझं संशोधन प्रवासाच्या मजकुरावर आहे हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगते: लोक फिरायला जाण्याआधी जे वाचतात, त्या मजकुराचा ते जिथे जातात त्या जागेवर काय परिणाम होतो, हा माझा प्रश्न. पेटची किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की कथा-कादंबरी नसलेला, कुणाचं नावही नसलेला साधा मजकूर ‘टीकात्मक’ कसा वाचायचा? त्यात टीका करण्यासारखं असतं तरी काय? म्हणून आज हेच पत्रक घेऊ. आयोजकाचं नाव देणार नाही. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, आणि ठाण्यात किंवा कल्याणात दुसऱ्या कुणी छापलं असतं तरी शब्द थोडेफार हेच असते. या मजकुराचा एक साचा आहे आणि आपली टीका त्या साच्यावर आहे.

आधी बेत वाचून घ्या. शुक्रवारी रात्री साडेनऊला घरडा सर्कलहून बस. शनिवारी सकाळी आठला मालवण, ‘फ्रेश होणे व नाश्ता’. १० ते १२ स्नॉर्कलिंग व वॉटर स्पोर्ट्स. साडेबाराला सिंधुदुर्ग किल्ला. दोनला जेवण (शाकाहारी, मांसाहारी, जैन). साडेतीनला तारकर्ली. पाचला खरेदी, म्हणजे काजू, कोकम, मालवणी मसाला. सातला परतीचा प्रवास.

या बेताचं कौतुक आधी करते, कारण टीका म्हणजे फक्त खोड काढणं असा समज घेऊन येणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर, तेही महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललेल्या रस्त्याने, एका रात्रीत कापून चाळीस माणसांना वेळेवर नाश्ता देणं हे कौशल्य आहे. दिवा-सावंतवाडी गाडीने गेलात तर तुमचा दिवस प्रवासातच संपतो. आठवडाभर ८.१४ की ८.२२ या हिशेबात जगणाऱ्या माणसाला दोन रात्री बसमध्ये काढून का होईना, पण समुद्रात डोकं घालायला मिळतं. पत्रकात दर स्पष्ट आहे, बायकांना कपडे बदलायची सोय कुठे आहे ते लिहिलंय, जैन जेवण आहे. ज्यांना असा प्रवास कधी कुणी देऊ केला नाही, त्यांच्यासाठी हे पत्रक लिहिलेलं आहे. ही त्याची जमेची बाजू खरी आहे आणि ती विसरून पुढे जायचं नाही.

आता ‘१० ते १२’ या ओळीवर थांबू.

हे दहा कुठून आले? बस आठला पोचते, नाश्त्याला वेळ लागतो, म्हणून दहा. बस आठला पोचते कारण ती साडेनऊला सुटते. साडेनऊला सुटते कारण ऑफिसहून साडेसात-आठला डोंबिवलीत उतरलेल्या माणसाला घरी जाऊन पिशवी घ्यायची असते. म्हणजे मालवणच्या पाण्यात कधी उतरायचं हे मध्य रेल्वेच्या संध्याकाळच्या लोकलनी ठरवलंय. समुद्राला यात कुणी विचारलेलं नाही.

समुद्राला कसं विचारायचं? किनाऱ्यावरच्या लोकांकडे एक ठोकताळा आहे, तुमच्यापैकी कोकणातल्यांना आजोबांनी शिकवला असेल. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, सव्वानऊला ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. हा ठोकताळाच आहे, जागेप्रमाणे मागेपुढे होतो, नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकातून घ्यावी लागते. पण पत्रक तपासायला एवढं पुरे.

आता पत्रकावरच्या तारखा घ्या. त्यात चार शनिवार दिले होते. मी कालनिर्णय घेऊन बसले. एक शनिवार पौर्णिमेच्या जवळचा, म्हणजे दहाला पाणी चढत चाललेलं. दुसरा संकष्टीला लागून, म्हणजे दहाला ओहोटी नुकतीच होऊन गेलेली आणि पाणी अजून खालीच. छापलेली वेळ तीच, दर तोच, चित्रातली मुलगीही तीच. पण एका शनिवारी तुम्ही प्रवाळावरून तरंगत जाल आणि दुसऱ्या शनिवारी उथळ जागी तुमचे पाय त्याला लागतील. पत्रकाच्या दृष्टीने दोन्ही दिवस सारखे.

असं सगळीकडेच असतं असं समजू नका. आपल्या दारातलं उदाहरण बघा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. तिथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाची बोट ऐरोलीहून सुटते आणि तिची वेळ भरतीवर ठरते. आज सकाळी, पुढच्या आठवड्यात दुपारी. ठाण्याची माणसं कुरकुर करतात, पण पक्षी बघायचे असतील तर खाडीच्या वेळेने जातात. म्हणजे ‘शहरी माणसाला ठरलेली वेळच लागते’ हे कारण पुरत नाही. ऐरोलीत वेळ ठरवणारा कुणीतरी आहे आणि तो दिसतो. मालवणच्या पत्रकात तो दिसत नाही.

अभयारण्य हा शब्द आला म्हणून पुढचं. संपूर्ण पत्रकात जो एक शब्द कुठेच नाही, तो हाच. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर. त्याच्या गाभ्याचा भाग ३.१८ चौरस किलोमीटरचा, आणि त्यात कोण आहे? सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट, पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्याखालचे खडक. पत्रकातला साडेबाराचा कार्यक्रम थेट गाभ्यात आहे. पत्रकात किल्ल्याबद्दल चार ओळी आहेत: १६६४ मध्ये बांधकाम सुरू, महाराजांची दूरदृष्टी, सगळं बरोबर. किल्ला ज्या पाण्यात उभा आहे त्याबद्दल शून्य ओळी.

यावर एक जण म्हणाला, ‘सहलीच्या पत्रकात कायदा कशाला हवा?’ मान्य, कलमं छापू नका. पण संशोधनाच्या विद्यार्थ्याला कलमं ठाऊक हवीत, कारण ती आपल्यालाही लागू आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या २८व्या कलमात अभयारण्यात शिरण्याची परवानगी कोणकोणत्या कारणांसाठी देता येते त्याची यादी आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि तिथे राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. म्हणजे टॉवेल घेतलेली काकू आणि वही घेतलेली मी, कायद्यापुढे एकाच रांगेत. आणि कठीण प्रवाळं २००१ पासून याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे. ताडोब्याच्या पत्रकात ‘वाघाला हात लावू नये’ असं लिहायची वेळ येत नाही. मालवणच्या पत्रकात लिहायला हवं, कारण प्रवाळ दगडासारखं दिसतं.

मालवणच्या पाण्यात पोराइट्स, टर्बिनारिया असे प्रकार आहेत. चित्रवाणीवर दिसतात तशा हरणाच्या शिंगांसारख्या नाजूक फांद्यांची अपेक्षा ठेवून गेलात तर पुष्कळ ठिकाणी तुम्हाला खडकाला चिकटलेले गोटे आणि पापुद्रे दिसतील. गोट्यासारखं प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर, कधी त्याहूनही कमी वाढतं. त्यावर उभं राहणाऱ्याला आपण प्राण्यावर उभे आहोत हे कळायचं काही कारणच नसतं. सांगितल्याशिवाय.

पत्रकात सांगितलंय का? एक ओळ आहे: ‘पाण्यात उतरण्यापूर्वी आवश्यक सूचना देण्यात येतील.’

इथे मी पत्रकाच्या व्याकरणाकडे वळते, आणि मला वाटतं खरी गोम इथे आहे. तुम्ही शाळेत कर्मणी प्रयोग शिकलात. ‘कडून’ लावून कर्ता सांगायची सोय त्यात असते, आणि ‘कडून’ गाळून त्याला लपवायचीही. पत्रकातली क्रियापदं ओळीने लिहून काढा. नेण्यात येईल. सोय केली जाईल. साहित्य पुरवले जाईल. सूचना देण्यात येतील. फोटो व व्हिडिओ काढून दिला जाईल. ‘हवामान अनुकूल नसल्यास कार्यक्रमात बदल करण्यात येईल.’ अनुकूल आहे की नाही हे कोण ठरवणार? बस आणणारा? होडीवाला? बंदर खातं? वाक्यात जागा मोकळी आहे.

‘पोहता येत नसले तरी चालेल’ हे तर मला फार आवडलेलं वाक्य आहे. कुणाला चालेल? आयोजकाला चालेल, कारण गिऱ्हाईक वाढेल. मला चालेल, कारण मला पोहता येत नाही. होडीवाल्याला चालवून घ्यावं लागेल. खालच्या प्रवाळाला? पोहता न येणारा माणूस जॅकेट घालून आडवा तरंगू शकतो, पण घाबरला की तो उभा होतो आणि पायाखाली काहीतरी शोधतो. ‘चालेल’ या एका शब्दात चार जणांचे हितसंबंध कोंबलेत आणि त्यातल्या तिघांना विचारलेलं नाही.

कर्ता असलेली वाक्यं पत्रकात दोनच सापडली. पहिलं: ‘पर्यटकांनी स्वतःचे टॉवेल आणावेत.’ दुसरं अगदी तळाशी, बारीक टायपात: ‘कोणत्याही कारणाने होणाऱ्या नुकसानीस आयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ आयोजक सबंध पत्रकात इथेच पहिल्यांदा कर्ता म्हणून समोर येतो, तेही ‘नाही’ म्हणायला.

एवढं वाचून मी थांबले असते तर ती खुर्चीतली टीका झाली असती. माझ्या मार्गदर्शक मॅडम अशा टीकेला ‘पंख्याखालची समीक्षा’ म्हणतात. म्हणून मी पत्रकातल्याच एका शनिवारी पैसे भरून गेले. मुद्दाम संकष्टीला लागून असलेला निवडला.

होडीत आम्ही दहा जण. सोबतचा मार्गदर्शक पंचविशीचा, दर्यावर्दी घरातला. मी त्याला हळूच विचारलं, पाणी कमी नाही का? तो म्हणाला, ‘सुकती होती मा. आत्ताच पाणी फिरलाहा. बारा वाजता इल्यात तर बरा दिसता. पण तुमचा टायम दहाचो ना?’ त्याने एका दमात पत्रकाची सगळी समीक्षा करून टाकली होती. त्याला ठाऊक होतं, त्याच्या वडिलांना ठाऊक असणार. पत्रकात त्याचं नाव नाही, मत नाही. तो ‘साहित्य पुरवले जाईल’ मधला गाळलेला ‘कडून’ होता.

सूचना दिल्या गेल्या. मास्क कसा धरायचा, तोंडाने श्वास कसा घ्यायचा, घाबरलात तर हात वर करा. शेवटी ‘खाली पाय टेकू नका’. इंजिनाच्या आवाजात हे वाक्य पुढच्या तिघांनी ऐकलं असेल.

मग आमच्या शेजारच्या विंगमधल्या काकू पाण्यात उतरल्या. वय साठीच्या आसपास, समुद्रात गुडघ्यापलीकडे पहिल्यांदाच. दोन मिनिटं त्यांनी मार्गदर्शकाचा हात सोडला नाही. मग पायाला काहीतरी लागलं आणि त्या उभ्या राहिल्या. पाणी छातीपर्यंत. त्यांनी मास्क वर केला आणि इतक्या आनंदाने हात हलवला, की मी लगेच फोटो काढला. त्या ज्यावर उभ्या होत्या तो दगड नव्हता. फोटोत ते स्पष्ट दिसतं.

रात्री बसमध्ये टॉर्च लावून मी टिपण लिहिलं. दोन दिवसांनी घरी ते वाचलं तेव्हा वाक्य असं होतं: ‘प्रवाळावर पाय ठेवला गेला.’

पत्रकाची दोन पानं भरून समीक्षा करणाऱ्या बाईने स्वतःच्या टिपणात तोच प्रयोग वापरला होता. पाय काकूंनी ठेवला. मी बघितलं. मी बोलले नाही, कारण त्या खूष होत्या आणि मला फोटो हवा होता. तीन साधी वाक्यं, तिन्हींना कर्ता आहे, आणि तिन्ही लिहायला जड. मी टिपण खोडलं नाही. क्षेत्र-नोंदी खोडायच्या नसतात. बाजूला तारीख घालून दुरुस्ती लिहायची. तशी लिहिली.

आता यावर झालेल्या संशोधनाकडे येऊ, कारण ‘एका काकूंच्या पायाने काय होतं’ हा प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये कल्याण डे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला (लेखकाच्या नावाचा आपल्या स्टेशनाशी संबंध नाही). भारतातल्या संरक्षित सागरी क्षेत्रात हौशी डायव्हिंगने प्रवाळाची होणारी हानी हा त्याचा विषय, आणि ते क्षेत्र म्हणजे हेच मालवण. शीर्षकाच्या उत्तरार्धात त्यांनी म्हटलंय की उत्तरदायित्वाच्या अभावातून घडलेली ही ‘नॉट सो कॉमन्स’ची शोकांतिका आहे.

शीर्षक कोटी करतंय, ती समजून घ्या. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये ‘सायन्स’मध्ये ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ मांडली: सगळ्यांचं कुरण, प्रत्येक जण आपली एक गाय वाढवतो, कुरण संपतं. नेट-पेटला हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तर बहुतेक वेळा इथेच संपवलं जातं. एलिनॉर ऑस्ट्रॉमचं १९९० चं पुस्तक वाचलं नसेल तर तेवढं वाचाच. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला या कामासाठी मिळालं. तिचं म्हणणं असं की सामाईक साधनं वापरणारे लोक पुष्कळ ठिकाणी स्वतः नियम करतात, पाळतात, एकमेकांवर नजर ठेवतात. हार्डिनलाही पुढे कबूल करावं लागलं, की आपल्या मांडणीत ‘अव्यवस्थापित’ हा शब्द राहून गेला.

मालवणचं पाणी तर कागदोपत्री अव्यवस्थापितही नाही. तिथे १९८७ पासून अधिसूचना आहे, खातं आहे, कलम आहे. म्हणून ‘नॉट सो कॉमन्स’. हे शीर्षक मला पटतं, पण ‘उत्तरदायित्वाचा अभाव’ म्हटल्यावर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच, आणि वाचकाला पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ‘तिथले लोक’. तिथल्या लोकांची बाजू बघा. अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध केला हे मालवणात कुणीही सांगेल. सागरी अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताची पुरेशी काळजी घ्यावी, ही तरतूद कायद्यात आली १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे मालवणची अधिसूचना निघाल्यावर चार वर्षांनी. ज्याला आधी विचारलं नाही, त्याच्या मुलाला आज आपण विचारतो, की तुझ्या गिऱ्हाइकाने प्रवाळावर पाय का ठेवला. आणि तो गिऱ्हाईक दहाला आणून सोडणारं पत्रक मात्र सहाशे रुपयांत हजार प्रती छापून फडके रोडवर वाटलं गेलेलं असतं. (बघा, परत ‘वाटलं गेलं’. सवय जात नाही.)

सूचनांबद्दल दोन निबंध शेजारी ठेवून वाचा, दोन्ही ‘बायोलॉजिकल कॉन्झर्व्हेशन’मधले. १९९७ मध्ये मेडिओ आणि सहकाऱ्यांनी इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात पाहिलं, की सूचना दिल्यावर डायव्हर प्रवाळाला बरेच कमी वेळा स्पर्श करतात. २००४ मध्ये बार्कर आणि रॉबर्ट्स यांनी सेंट लुशियात पाहिलं, की सूचनेचा काही फरक पडत नाही; फरक पडतो तो सोबतच्या मार्गदर्शकाने पाण्यात जागच्या जागी टोकल्यावर. परीक्षेत हे ‘परस्परविरोधी निष्कर्ष’ म्हणून लिहाल तर चुकाल. पहिल्या अभ्यासात सूचना म्हणजे प्रवाळ काय असतं, स्पर्श कसा होतो, हे नीट समजावणं आणि वर पाण्यातलं प्रात्यक्षिक. दुसऱ्यात ती नेहमीच्या सूचनांमध्ये घातलेलं एक वाक्य होती. शब्द एक, वस्तू दोन. आमच्या होडीतलं ‘खाली पाय टेकू नका’ कुठल्या प्रकारात बसतं ते तुम्हीच ठरवा. एक सावधगिरी: दोन्ही अभ्यास टाकी लावून बुडणाऱ्यांचे आहेत, वर तरंगणाऱ्यांचे नाहीत. निष्कर्ष उचलून मालवणच्या जॅकेटवाल्या काकूंवर जसाच्या तसा ठेवता येणार नाही.

तुमच्यापैकी जे आराखडा लिहितायत त्यांच्यासाठी माझी एक जुनी फजिती. पीएचडीच्या पहिल्या आराखड्यात मी लिहिलं होतं: ‘मे-जून महिन्यांत मच्छीमारांच्या मुलाखती घेण्यात येतील व माहिती संकलित केली जाईल.’ मॅडमनी पेन्सिलने ‘येतील’भोवती गोल केला आणि समासात तीन शब्द लिहिले: कोण? कुठल्या समुद्रात? मला दुसरा शब्द कळलाच नाही. मग त्यांनी सांगितलं, की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते, मेअखेरीला होड्या वर ओढायची घाई असते, पर्यटनही त्याच सुमारास बंद होतं. मेमध्ये भेटलेला माणूस आणि जूनमध्ये भेटलेला माणूस एकाच प्रश्नाला वेगळं उत्तर देईल. मी मे-जून का घेतला होता? विद्यापीठाला सुट्टी असते म्हणून. पत्रकवाल्याच्या दहासारखेच माझे मे-जूनही डोंबिवलीतूनच ठरले होते.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर जा. पावसाळ्यानंतर पाणी निवळू द्या, शनिवारची तिथी बघा, पत्रकातली किल्ल्याची वेळ आणि पाण्यात उतरायची वेळ यांची अदलाबदल होते का ते विचारा. एवढ्या एका अदलाबदलीने आमच्या शनिवारी पाणी बरंच चढलेलं मिळालं असतं. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका, कुणी हातात दिली तरी. ‘पोहता येत नसले तरी चालेल’ असं असेल तर आधी पालिकेच्या तलावात जॅकेट घालून आडवं तरंगायची सवय करा. ठाण्यात आणि डोंबिवलीत तरणतलाव आहेत, लाजायचं कारण नाही. मीही साठीच्या आजींच्या शेजारी शिकतेय.

परत आल्यावर मी आयोजकांना फोन केला. माणूस समजूतदार. किल्ला आधी आणि पाणी नंतर, हे त्यांना लगेच पटलं. अडचण एकच, जेवण पुढे जातं आणि खानावळीला ते सांभाळावं लागतं. मग मी म्हटलं, पत्रकात ‘अभयारण्य’ एवढा शब्द तरी घाला. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘मॅडम, तो शब्द घातला की लोक विचारतात, परवानगी कुणाची, कोण काढणार? मला चाळीस फोनना उत्तर द्यावं लागेल.’ मी म्हटलं, हो, द्यावं लागेल.

या दिवाळीत फडके रोडवर नवं पत्रक मिळालं. कागद आता निळा आहे. अभयारण्य नाही. पण ‘१० ते १२’ गेलंय आणि त्या जागी छापलंय: ‘स्नॉर्कलिंगची वेळ भरती-ओहोटीनुसार ठरवण्यात येईल.’ मी पेन्सिलने ‘येईल’भोवती गोल केलाय आणि पत्रक मॅडमना दाखवायला पिशवीत ठेवलंय.